परकोटावरची वाट

चंद्रपूरकरांना पायी फिरण्यासाठी वाट नव्याने आखायची गरजच नव्हती. गोंड राजांनी ती आखून ठेवली होती. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातलेल्या आणि धुंड्या रामशहाच्या काळात पूर्ण झालेल्या परकोटाचा घेर जवळपास 11 किलोमीटर आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसण या पाच खिडक्या. एकीकडे इरई, दुसरीकडे झरपट. शहराभोवतीचा असा सलग फेरा किती गावांच्या नशिबी असतो?

तरी कित्येक वर्षं त्यावरून कुणाला चालता येत नव्हतं. बुरुजांवर झुडपं माजली होती, चिऱ्यांच्या सांध्यांत मुळं शिरली होती आणि भिंतीलगत कचऱ्याचे ढीग साचले होते. मार्च 2017 मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेचे स्वयंसेवक पहाटे कोयते, फावडी, घमेली घेऊन वर चढू लागले. तटावर यंत्र चढवता येत नाही. फांदी आधी तोडायची, मग मूळ चिऱ्याला धक्का न लावता सोडवायचं आणि माती घमेल्याने खाली उतरवायची. हे महिनोन्‌महिने चाललं. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. पुढे मोकळ्या झालेल्या तटावरून हेरिटेज वॉक सुरू झाले आणि याच शहरात वाढलेली माणसं आपला परकोट पहिल्यांदा वरून पाहू लागली.

या वाटेचं पहिलं भांडवल श्रमदानाचं होतं, निधीचा प्रश्न नंतर आला. परकोट हे संरक्षित स्मारक. प्राचीन स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे. हा कायदा हवाच, नाहीतर तट केव्हाच घरांच्या भिंतींत जिरला असता. पण त्यामुळे पायऱ्या, कठडे, दिवे यांसाठी पैसा एका खात्याचा आणि परवानगी दुसऱ्या खात्याची, असा मेळ घालावा लागतो.

जंगलात वाटा वेगळ्या रीतीने उघडल्या. 2010 मध्ये ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचं बफर क्षेत्र जाहीर झालं. पुढे आगरझरी, जुनोना, अलिझंजा अशा गेटांवरून सफारी सुरू झाल्या. प्रवेशशुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जमू लागलं आणि गावातल्या पोरांना गाईडचं काम मिळालं. पैशाची ही व्यवस्था चांगली बसली, पण ती जिप्सीच्या चाकांवर उभी आहे. बफरमधल्या पायवाटा मोहफुलं आणि तेंदूपानं वेचणाऱ्यांच्या आहेत आणि तितक्याच वाघाच्याही. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरचं वीज केंद्र आणि दुर्गापूर परिसरात वाघ व बिबट्याने लागोपाठ दोन बळी घेतले. त्यानंतर इथे कुणी रानातून पहाटफेरीचा ट्रॅक काढायची भाषा केली, तर तिला विरोधच करायला हवा. हौसेचं चालणं शहराच्या तटावर असावं. रानातल्या वाटेवर पहिला हक्क पोटासाठी चालणाऱ्यांचा.

1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीने या हक्काला कागद मिळवून दिला. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा जंगलातली वाट पाहुण्यांसाठी खुली करायची असेल, तर नकाशा वनखात्याच्या कचेरीत नव्हे, ग्रामसभेत काढला पाहिजे आणि शुल्कही तिथेच ठरलं पाहिजे.

चंद्रपूरपुरती मागणी साधी आहे. खनिजाने हा जिल्हा पोखरला, त्याच खनिजाचा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात येतो. पुरातत्त्व खातं, महापालिका आणि जिल्हा नियोजन समिती यांनी एकत्र बसून त्यातून परकोटाच्या दरवर्षीच्या निगराणीसाठी ठरावीक तरतूद करावी. दर पावसाळ्यानंतर झुडपं पुन्हा उगवतात. ती काढण्याचा भार कायम स्वयंसेवकांच्या खांद्यावर टाकणं योग्य नाही.