सिसिली : देवळे पाहावीत, खाणीही पाहाव्यात

इटलीला जाणारा आपला माणूस रोम पाहतो, व्हेनिसच्या नावेत बसतो, पिसाच्या कललेल्या मनोऱ्यापुढे फोटो काढतो आणि परततो. नकाशात इटलीचा जो बूट दिसतो, त्याच्या टोकाशी एक बेट आहे. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. ते सिसिली. भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट, पण आकाराने महाराष्ट्राचा जेमतेम बारावा हिस्सा. आम्ही चार नोकरदार कुटुंबांनी भिशी लावून पैसे जमवले आणि वाचकहो, आठही दिवस या एकाच बेटावर घालवले.

रोमहून रात्रीची आगगाडी धरावी. सामुद्रधुनी आली की गाडीचे डबे सरळ बोटीच्या पोटात ढकलतात आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा रुळावर आणतात. बर्थवरून उठावेही लागत नाही. मुले मात्र उठलीच.

पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देतात. त्यांना पानेल्ले म्हणतात. वडापावाच्या माणसाला परकेपणा वाटू नये असा हा प्रकार. फक्त चटणी तेवढी नाही! लिंबू, संत्रे, ऊस ही पिके इथे अरबांनी रुजवली. नवव्या शतकापासून दोनेकशे वर्षे इथे त्यांचे राज्य होते. पुढे उत्तरेकडून नॉर्मन आले. त्या नॉर्मन राजांच्या झीसा नावाच्या महालात आज संग्रहालय आहे. तिथे ११४९ सालचा एक लहानसा दगड पाहायला विसरू नये. एका पाद्र्याने आपल्या आईच्या, अन्नाच्या, आठवणीसाठी तो कोरून घेतला. मजकूर लॅटिन, ग्रीक व अरबी भाषेत, शिवाय हिब्रू लिपीतल्या अरबीतही, आणि तारीख ज्याच्या-त्याच्या कालगणनेप्रमाणे. आईच्या मृत्यूची वार्ता गावातल्या प्रत्येकाला आपापल्या अक्षरांत वाचता यावी, असेच हे लेखन आहे. दुसरा रॉजर या राजाच्या पदरी असलेल्या अल-इद्रिसी या मुसलमान पंडिताने ११५४ साली जगाचा नकाशा पुरा केला तोही इथेच. त्यात दक्षिण दिशा वर आहे.

पण हे गोडवे फार गाऊ नयेत. पुढच्याच शतकात इथल्या मुसलमानांना उचलून इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन टाकले आणि १४९२ साली यहुद्यांनाही बेट सोडण्याचा हुकूम निघाला. आज त्यांच्या जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्या हिब्रू व अरबीतही लावल्या आहेत.

दक्षिणेला आग्रिजेंतोची ग्रीक देवळे. त्यांतले कॉन्कॉर्डियाचे देऊळ सुमारे चोवीसशे वर्षे उभे आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च झाले म्हणून ते वाचले. सर्वजण तिथे खांब पाहतात. आम्ही मात्र झ्यूसच्या पडक्या देवळापाशी अधिक रेंगाळलो. तिथे सुमारे साडेसात मीटर उंचीचे दगडी पुरुष होते, दोन्ही हात डोक्यामागे मुडपून वरचा भार पेलणारे. इ.स.पू. ४८० मध्ये कार्थेजचा पराभव झाला, त्या लढाईतल्या कैद्यांना दगड फोडण्याच्या आणि देवळे बांधण्याच्या कामाला जुंपले, असे जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ते पुतळे म्हणजे हेच कैदी, असेही काही अभ्यासक मानतात.

तिथून बेटाच्या मधोमध, नऊशे मीटरहून उंच डोंगरावर वसलेल्या एन्ना गावी जावे. स्पार्टाकसचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्याही साठेक वर्षे आधी, इ.स.पू. १३५ च्या सुमारास, युनस नावाच्या सीरियन गुलामाने याच गावातून बंड पुकारले. हजारो शेतगुलाम त्याला मिळाले. रोमला ते मोडायला तीनेक वर्षे लागली. युनस कैदेत मेला. किल्ल्यापुढे त्याचा पुतळा आहे, साखळ्या तोडणारा. आम्ही सारे त्याच्यापुढे उभे राहिलो. कुणी बोलले नाही.

एन्नाजवळच फ्लोरिस्तेल्लाची गंधकाची खाण आहे, आता बंद पडलेली. एकोणिसाव्या शतकात जगाच्या बाजारातले बहुतेक गंधक सिसिलीचे असे. ते वर कोण आणी? ‘कारूसी’, म्हणजे पोरे. सात-आठ वर्षांची मुले उकाड्यामुळे जवळपास उघडीच, पाठीवर दगड घेऊन अंधाऱ्या पायऱ्या चढत. आईबापांना आधी रक्कम दिलेली असे आणि ती फिटेपर्यंत पोर बांधलेले. त्या रकमेला तिथे ‘मेलेली मदत’ असे नाव होते. ऊसतोडीच्या ‘उचली’शी परिचय असणाऱ्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. १९१० साली बुकर टी. वॉशिंग्टन सिसिलीत आले होते. स्वतः गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस गंधकाच्या खाणीत उतरला, या पोरांना भेटला, आणि परत जाऊन त्याने त्यावर लिहिले. पुढे अमेरिकेत जमिनीखालचे गंधक गरम पाण्याने वितळवून वर काढू लागले आणि सिसिलीची मक्तेदारी मोडली.

गंधक वितळवण्याच्या गोल भट्ट्या अजून दिसतात. मालक सरदाराचा वाडाही खाणीच्या आवारातच आहे, सगळे काम नजरेखाली राहील असा.

एन्नाहून इथे यायला गाडी ठरवून घ्यावी. सावली नाही, टोपी आणि पाणी सोबत असू द्यावे. मुलांना जरूर न्यावे.