भूतकाळाची उसनवारी
(लेखांक सहावा)

विट्याहून कराडला निघालेल्या एसटीत मागच्या बाकावरची बाई फोनवर सांगत होती, "काल मी साताऱ्याला गेलतो, रातच्याला माघारी आलो." बोलणारी बाई आणि क्रियापद पुरुषाचं! सांगली-कोल्हापूरकडे याचं कुणाला काही वाटत नाही. पुण्यात मात्र माना वळल्या असत्या. कानडीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांना एकच रूप आहे. शेजारच्या त्या भाषेचा हा गुण असावा, असं बरेच जण मानतात आणि मलाही ते पटतं.

आज मात्र बोलायचंय ते ‘गेलतो’मधल्या ‘गेल’बद्दल. गेल्या आठवड्यात आपण सरळमार्गी क्रियापदं पाहिली. धातूला ‘ल’ जोडला की भूतकाळ तयार: बस-बसला, पळ-पळाला. त्या हिशेबानं ‘जा’चं ‘जाला’ व्हायला हवं. (जुन्या मराठीत ‘जाला’ होतंच, पण त्याचा अर्थ ‘झाला’! त्याकडे येतोच.) लहान पोर ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा आपण हसतो. खरं तर नियम त्यालाच कळलेला असतो, वाकड्यात शिरलेले आपण.

हे वाकडेपण कुठून आलं? ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूचं. ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या घरचा: गत, प्राकृतात गअ, त्याला ‘इल्ल’ प्रत्यय लागून गेला. ‘आला’ त्याचाच भाऊ, ‘आगत’पासूनचा. वर्तमानात जाणे-येणे निरनिराळ्या वाटांनी आले, भूतकाळात मात्र दोघं एकाच उंबऱ्यावर भेटतात. ‘केला’ आणि ‘मेला’ यांची गोष्ट वेगळी. तिथं धातू बदललेला नाही. कृत आणि मृत यांतला ऋ प्राकृतातच झिजला, म्हणून करण्या-मरण्यातला ‘र’ भूतकाळात दिसत नाही. मराठीच्या घडणीवर 1920 साली पुस्तक लिहिणाऱ्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी अशा रूपांची वंशावळ बारकाईनं लावली. वा. गो. परांजपे यांनी 1941 मध्ये ते मराठीत आणलं.

सगळ्यात गमतीचं घर ‘असणे’चं. त्याला स्वतःचा भूतकाळच नाही. तो ‘होणे’कडून ‘होतो’ उसना आणतो. मग ‘होणे’नं काय करायचं? ते ‘जन्’ धातूच्या दारात जातं आणि ‘जात’पासून बनलेला ‘जाला’, म्हणजे आजचा ‘झाला’, घेऊन येतं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि तिनं ती पलीकडच्या घरून आणलेली असावी, तसं हे.

स्पॅनिश शिकणारी मुलं अशाच एका जागी अडखळतात. तिथं ‘जाणे’ म्हणजे ‘इर’ आणि ‘असणे’ म्हणजे ‘सेर’. भूतकाळात मात्र दोघांचं रूप एकच: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. ‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता, ‘फुए आ मेहिको’ म्हणजे तो मेक्सिकोला गेला. फरक कळतो तो पुढच्या शब्दांवरून. इथंही ‘जाणे’नं ‘असणे’कडून उसनं घेतलंय. त्या ‘फुई’चं मूळ लॅटिनमधून मागं नेलं, तर ते आपल्या ‘भू’ धातूच्याच मुळाशी पोचतं. म्हणजे आपल्या ‘होतो’चा तो लांबचा चुलता!

आता परत एसटीत. ‘गेलो होतो’मधला ‘हो’ गिळून ‘गेलतो’ झालं. त्यो गेलता, ती गेलती, आमी आलतो. पण नकार आला की ही जोडणी मोडते: ‘गेलो नव्हतो’ असंच म्हणावं लागतं. ‘न’ असा सहजी गिळला जात नाही.

रूप बरोबर आलं तरी वापरात एक खड्डा उरतोच. ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीच्या मागं जातं, भाकरी स्त्रीलिंगी म्हणून ‘खाल्ली’. पण ‘मी ताक प्यायलो’ म्हणताना ते ताकाला विचारतही नाही. ‘धडा शिकलो’, ‘नाव विसरलो’ यांचंही तेच. कर्म समोर असून हे शब्द कर्त्याचीच बाजू धरतात. मोरो केशव दामले यांचं 1911 चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ उघडलंत, तर भूतकाळाच्या अशा आडवळणांत एक अख्खी दुपार जाईल. बोलीनं मात्र परस्पर निकाल लावलाय. ‘मी ताक पिलं’ म्हणायचं आणि पेला खाली ठेवायचा.