समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला की नेत्याची मतं घटतात का?

९ मे २०१२. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीला जेमतेम सहा महिने उरले होते. बराक ओबामा यांनी एबीसी वाहिनीला मुलाखत दिली आणि समलिंगी जोडप्यांना लग्न करता आलं पाहिजे, असं जाहीरपणे सांगितलं. पदावर असताना अशी भूमिका घेणारे ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष.

वेळ मात्र अवघड होती. आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी समलिंगी विवाहावरची बंदी राज्यघटनेत घातली होती. हेच राज्य २००८ मध्ये ओबामांनी अगदी थोडक्यात जिंकलं होतं. कृष्णवर्णीय मतदार हा त्यांचा सर्वांत भक्कम आधार, आणि त्या समाजातल्या अनेक चर्चचा अशा विवाहांना ठाम विरोध. त्यामुळे ओबामांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला का, हा प्रश्न लगेच विचारला जाऊ लागला.

नोव्हेंबरमध्ये ओबामा ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतांनी जिंकले. नॉर्थ कॅरोलायना मात्र हातचं गेलं. मग या भूमिकेचा त्यांना फायदा झाला की तोटा? उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण अमेरिकेतल्या गेल्या तीसेक वर्षांच्या निवडणुका पाहिल्या की बरंच काही कळतं.

विरोध करणं सोयीचं का होतं?

१९९६ मध्ये गॅलपच्या पाहणीत फक्त २७ टक्के अमेरिकी लोक समलिंगी विवाहाच्या बाजूने होते. त्याच वर्षी संसदेत ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ आला. केंद्र सरकारच्या लेखी विवाह म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचा, असं हा कायदा सांगत होता. सिनेटमध्ये तो ८५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष बिल क्लिंटन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांनी सही केली. पुढे उपाध्यक्ष आणि अध्यक्ष झालेले जो बायडन यांनीही तेव्हा कायद्याच्या बाजूनेच मत दिलं होतं.

त्या वर्षी पुन्हा निवडणूक लढवणाऱ्या सिनेटरांपैकी विरोधात मत देणारे एकटे जॉन केरी होते. ते मॅसॅच्युसेट्समधून पुन्हा निवडून आले. उदारमतवादी राज्यात ते खपून गेलं. बाकीच्यांनी हा धोका पत्करायचं टाळलं.

ओबामांचा स्वतःचा प्रवासही हेच दाखवतो. १९९६ मध्ये इलिनॉय राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवताना एका प्रश्नावलीत त्यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला होता. २००८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार झाल्यावर मात्र विवाह स्त्री-पुरुषांमधलाच, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी २०१५ मध्ये पुस्तकात लिहिलं, की कृष्णवर्णीय चर्चमधला विरोध लक्षात घेऊन ओबामांनी खरं मत झाकून ठेवलं होतं. थोडक्यात, मत बदललं नव्हतं, मतांचं गणित आड येत होतं.

२००४ : बुश या मुद्द्यावर जिंकले का?

मे २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले. अमेरिकेतलं हे पहिलं राज्य. त्याआधीच, फेब्रुवारीत, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अशा विवाहांना रोखणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी केली होती. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या मतदानासोबतच ११ राज्यांत बंदीचा प्रस्ताव मतदारांपुढे होता. सगळ्या ११ राज्यांत तो मंजूर झाला.

त्यात ओहायो होतं. बुश तिथे सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकले आणि त्यावरच अध्यक्षपद ठरलं. ‘समलिंगी विवाहाच्या भीतीने धार्मिक मतदार बाहेर पडला आणि केरी हरले,’ ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

पण आकडे पूर्ण पाहिले तर ही गोष्ट तितकी सरळ राहत नाही. मिशिगन आणि ओरेगन या राज्यांनीही त्याच दिवशी बंदी मंजूर केली, आणि त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी केरींना मतं दिली. म्हणजे लाखो मतदारांनी समलिंगी विवाहाला विरोध केला, तरी उमेदवार निवडताना वेगळा विचार केला. बुश यांची मतं २००० च्या तुलनेत देशभर वाढली होती, फक्त बंदीचा प्रस्ताव असलेल्या राज्यांत नव्हे. दहशतवाद आणि इराक युद्ध हे त्या निवडणुकीतले मोठे मुद्दे होते, असं अनेक राज्यशास्त्रज्ञांनी नंतर दाखवलं.

शिवाय खुद्द केरींचाही तेव्हा समलिंगी विवाहाला विरोधच होता. त्यांना जोडप्यांसाठी ‘सिव्हिल युनियन’ मान्य होती. या मधल्या वाटेने विरोधक जवळ आले नाहीत आणि समर्थकही फारसे खूश झाले नाहीत.

२०१२ मध्ये मतदार काय म्हणाले?

ओबामांच्या मुलाखतीनंतर लगेच गॅलपने पाहणी केली. या भूमिकेमुळे आपल्या मतावर काही फरक पडणार नाही, असं १० पैकी ६ जणांनी सांगितलं. मत देण्याची शक्यता कमी झाली म्हणणारे २६ टक्के, तर वाढली म्हणणारे १३ टक्के होते.

वरवर पाहता हा तोट्याचा सौदा. पण या २६ टक्क्यांत रिपब्लिकन मतदारांचा भरणा मोठा होता. ते तसेही ओबामांना मत देणार नव्हते. जे मत मुळात मिळणारच नव्हतं, ते ‘गेलं’ असं म्हणता येत नाही. अशा पाहण्यांचे आकडे शेअर करताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

कृष्णवर्णीय मतदार दुरावतील ही भीतीही खरी ठरली नाही. मुलाखतीनंतर दहाच दिवसांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या नागरी हक्क संघटनेने विवाह समानतेला पाठिंबा दिला. मतदानोत्तर पाहणीनुसार ९३ टक्के कृष्णवर्णीय मतं ओबामांना मिळाली. इथे नेत्याने मतदारांच्या मागे जाण्याऐवजी काही मतदार नेत्याच्या मागे गेले.

दुसरीकडे, स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी म्हणवणारे मतदार एकूण मतदारांत ५ टक्के होते. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. बाकीच्या मतदारांत दोन्ही उमेदवार जवळपास बरोबरीत होते. आणि त्याच दिवशी मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या मतदारांनी समलिंगी विवाह मतदानाने मंजूर केले. असं अमेरिकेत याआधी कधी झालं नव्हतं.

पण किंमत मोजणारेही होते

२४ जून २०११ रोजी न्यू यॉर्क राज्याच्या सिनेटने ३३ विरुद्ध २९ मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. चार रिपब्लिकन सिनेटरांनी पक्षाची रेषा ओलांडली म्हणून हा कायदा झाला. त्यांचं पुढे काय झालं?

जेम्स अलेसी यांनी २०१२ मध्ये निवडणूकच लढवली नाही. रॉय मॅक्डोनाल्ड पक्षांतर्गत निवडणुकीत थोडक्यात हरले. स्टीफन सॅलंड ही फेरी कशीबशी जिंकले, पण त्यांचा पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तिकिटावर मुख्य निवडणुकीत टिकून राहिला. मतं फुटली आणि जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. मार्क ग्रिसांती २०१२ मध्ये जिंकले, पण २०१४ मध्ये पक्षांतर्गत फेरीत हरले. त्यांच्या बाबतीत बंदूक नियंत्रणाच्या कायद्याला दिलेलं मतही आड आलं होतं.

याउलट, हा कायदा पुढे रेटणारे डेमोक्रॅटिक गव्हर्नर अँड्रू कुओमो २०१४ मध्ये सहज पुन्हा निवडून आले. कायदा एकच, बाजू एकच, पण पक्ष वेगळा. म्हणून परिणामही वेगळा.

मतं नेमकी कुठे जातात?

या सगळ्यातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली : धोका मुख्य निवडणुकीपेक्षा पक्षांतर्गत निवडणुकीत जास्त असतो. त्या फेरीत थोडेच लोक मतदान करतात आणि त्यात कट्टर कार्यकर्त्यांचं प्रमाण मोठं असतं.

दुसरी : किती लोक विरोधात आहेत यापेक्षा किती लोक फक्त त्याच मुद्द्यावर मत देतात, हे महत्त्वाचं. आयोवा राज्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. २०१० मध्ये त्यातले तीन न्यायाधीश पदावर राहावेत का, यासाठी मतदान झालं. एरवी अशा मतदानाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्या वर्षी मात्र विरोधकांनी मोहीम चालवली आणि तिघेही पायउतार झाले. दोनच वर्षांनी त्याच निकालातले चौथे न्यायाधीश मात्र मतदारांनी कायम ठेवले. राग ओसरला होता.

तिसरी : भूमिका बदलणाऱ्याला कारण पटवून द्यावं लागतं. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन १९९६ च्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होते. आपला मुलगा समलिंगी असल्याचं सांगत त्यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे भूमिका बदलली. २०१६ मध्ये ते सुमारे २० टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

मग आता हा प्रश्न संपला का?

२०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहांना मान्यता दिली. २०२२ मध्ये संसदेने अशा विवाहांना संरक्षण देणारा कायदा केला, तेव्हा १२ रिपब्लिकन सिनेटरांनी त्याला मत दिलं. सही करणारे अध्यक्ष होते बायडन, म्हणजे १९९६ मध्ये उलट बाजूला मत देणारे तेच बायडन.

तरी वारं एकाच दिशेने वाहत नाही. रिपब्लिकन मतदारांमधला पाठिंबा ५५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत तो ४१ टक्क्यांवर आला. त्या पक्षातल्या नेत्यासाठी हिशोब पुन्हा बदलतो आहे.

भारतात काय?

भारतात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि कायदा करणं संसदेचं काम असल्याचं सांगितलं. म्हणजे चेंडू नेत्यांच्या कोर्टात आहे.

महाराष्ट्रातून एक प्रयत्न त्याआधीच झाला होता. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. २०२४ मध्ये त्या दीड लाखांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आल्या. पण ती लढत नणंद-भावजयीची आणि फुटलेल्या पक्षाची होती. समलिंगी विवाहाचा मुद्दा प्रचारात नव्हताच. त्यामुळे त्या विधेयकाने मतं वाढली किंवा घटली, असा दावा कुणी केला तर तो पुराव्याशिवायचा आहे.

भारतात हा मुद्दा अजून मतपेटीपर्यंत गेलेलाच नाही. बहुतेक नेते गप्प आहेत, आणि गप्प राहण्यात सध्या कुणाचंच मत जात नाही. या शांततेची किंमत मोजतात ती वर्षानुवर्षं एकत्र राहणारी जोडपी. पती-पत्नीला आपोआप मिळणारे वारसाहक्क किंवा मूल दत्तक घेण्याचा संयुक्त हक्क त्यांना आजही मिळत नाही.