खणातून निघालेला मार्का

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत १९६७ साली एका तरुणास धंद्यासाठी जागा मिळाली ती अवघी एका खणाएवढी. आमच्या बेळगाव-शहापूरकडील बांधवांच्या डोळ्यांपुढे खण म्हणताच निराळेच कापड उभे राहील. हा मात्र टेबलाचा ओढावयाचा खण होता. त्यात त्याचे नेकटाय असत. तरुणाचे नाव रॅल्फ लॉरेन व मालावरील मार्का 'पोलो'.

हा ब्रॉंक्स भागातील स्थलांतरित ज्यू कुटुंबातला, १९३९ सालचा जन्म. मूळ आडनाव लिफ्शिट्झ. वडील रंगकाम करीत. ब्रुक्स ब्रदर्स या १८१८ सालापासूनच्या पेढीत त्याने काही काळ विक्रेत्याचे काम केले. विद्यापीठात जाण्यापूर्वी श्रीमंतांची मुले ज्या खाजगी शाळांत तयार होत, त्यांच्या पेहरावास 'प्रेपी' म्हणतात: बटनांनी बसविलेल्या कॉलरचा सदरा, ब्लेझर, खाकी पाटलोण. ब्रुक्सची ही दुकाने म्हणजे या पेहरावाचे माहेरघर. ती बटनांची कॉलरही इंग्लंडातील पोलो खेळणाऱ्यांपासून घेतलेली, आणि पोलो तर इंग्रजांनी शिकला आमच्या मणिपुरात!

या पेहरावात मद्रासचे चौकटीचे हातमाग कापडही होते. धुतले की त्याचा रंग निघे. अमेरिकी विक्रेत्यांनी १९६० च्या दशकात 'रंग निघण्याची हमी' अशी जाहिरात करून तोच दोष गुण म्हणून विकला. असला रंग निघाल्याबद्दल गिऱ्हाइकाचे चार शब्द ऐकून घेणाऱ्या आम्हां कापडवाल्यांना हे वाचून हसावे की हळहळावे, ते कळत नाही.

लॉरेनने प्रचलित अरुंद टाय सोडून चार इंच रुंदीचे टाय काढले. किंमत नेहमीच्या टायहून जास्त; माल थोडा, आणि तो दुकानोदुकानी स्वतः पोचवी. (टाय रेशमी, ही गोष्ट आमच्यातील पुष्कळांस खटकेल, रेशीम व चामडे आम्ही वर्ज्य मानतो. परंतु येथे प्रश्न मालाचा नसून व्यवहाराचा आहे.) ब्लूमिंगडेल्स या बड्या दुकानाने माल घेण्याची तयारी दाखविली, मात्र दोन अटींवर: टाय थोडे अरुंद करावेत, आणि मार्क्यावरील लॉरेनचे नाव काढून दुकानाचे घालावे. नवख्या, भांडवलहीन व्यापाऱ्यास ही मागणी म्हणजे लक्ष्मीचे दार उघडण्यासारखी. त्याने नकार दिला. काही महिन्यांनी तेच दुकान त्याच्या अटींवर माल घेण्यास आले.

आमच्यापैकी कितीजणांनी हा नकार दिला असता? दुसऱ्याच्या छापाखाली माल पुरविण्यात आमच्या पिढ्या गेल्या. त्यात पैसा मिळाला, नाव मात्र दुकानदाराचे झाले.

नॉर्मन हिल्टन या पुरुषी पोशाखाच्या कारखानदाराने १९६८ साली त्याला ५०,००० डॉलर दिले, व टायबरोबर पूर्ण पोशाख सुरू झाला. १९७१ साली बायकांचे सदरे निघाले, मनगटावर पोलो खेळाडूचे चिन्ह भरलेले. १९७२ साली तेच चिन्ह छातीवर घेऊन सुती सदरा चोवीस रंगांत आला.

आणि याच सुमारास पेढी बुडण्याच्या बेतात आली! मागणी वाढली तसा माल वेळेवर जाईना, हिशेबाकडे दुर्लक्ष झाले, रोख संपली. विक्री वाढत असतानाच दिवाळे निघते, हे आमच्या पेठेत जुने-जाणते नेहमी सांगत आले आहेत. लॉरेनने आपली शिल्लक ओतली, व्यवस्था पीटर स्ट्रॉम या जाणत्या सहकाऱ्यावर सोपविली आणि बायकांचे कपडे परवान्याने दुसऱ्या कारखानदाराकडून करून घेतले. रेखाटन व मार्का तेवढा स्वतःकडे ठेवला.

पिढीजात श्रीमंतीचा आभास कोणासही विकत मिळावा, हा त्याच्या मालाचा खरा अर्थ होता. रंगाऱ्याच्या मुलाने तो विकावा, यात आम्हांला ढोंग दिसत नाही. दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून पाहणाऱ्यासच आतील वस्तूचे मोल नेमके कळते. १९९७ साली कंपनीचे भाग बाजारात आले, तेव्हाही मताधिकाराचे वर्चस्व त्याने घराण्याच्याच हाती ठेवले.