पडद्यावरील उड्या आणि न्यूटनचे नियम



दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कोणकोणते चित्रपट पाहिलेत? मी चार पाहिले. चारही जुने, कधीतरी पाहायचे राहून गेलेले किंवा पुन्हा पाहावेसे वाटलेले. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस मारामारीचे आणि अंतराळातले चित्रपट पाहतो, याचे काहींना नवल वाटेल. पण खरे सांगतो, मला ते फार आवडतात.

आमचे घर कुपवाडला. सुट्टीत भाचा राहायला आला होता. तो बारावीत आहे आणि माझी मुलगी नववीत. आम्ही तिघांनी एक वही केली व तिच्यात प्रत्येक चित्रपटासाठी दोन रकाने आखले. एक करमणुकीच्या गुणांचा आणि दुसरा भौतिकशास्त्राच्या गुणांचा. प्रत्येकी दहापैकी. पहिल्या रकान्यावरून आमची भांडणे झाली. दुसऱ्या रकान्यावरून मात्र भांडण होऊ शकत नव्हते, कारण तेथे हिशेब करावा लागत होता. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात अगदी नेहमीच्या दृश्याने करू. नायक पिस्तूल झाडतो आणि खलनायक उडून चार हात मागे जाऊन पडतो. हे शक्य आहे काय? पिस्तुलाच्या गोळीचे वस्तुमान साधारण ८ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ३५० मीटर धरू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो येतो २.८ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद. ही गोळी ७० किलोग्रॅमच्या माणसात रुतून बसली, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार त्या माणसाला वेग मिळेल २.८ भागिले ७०, म्हणजे सेकंदाला ०.०४ मीटर. फक्त ४ सेंटिमीटर! मुंगीच्या चालीशी तुलना करावी असा हा वेग. शिवाय न्यूटनचा तिसरा नियम विसरून चालणार नाही. गोळी पुढे जाताना तेवढाच संवेग नायकाच्या हातालाही मागे मिळतो. खलनायक उडणार असेल, तर नायकही उडायला हवा! चित्रीकरणात त्या माणसाच्या कमरेला तार बांधून त्याला मागे खेचलेले असते. म्हणजे बल असतेच, फक्त ते गोळीचे नसते.

आता पहिला चित्रपट, १९९४ सालचा 'स्पीड'. बसमध्ये बॉम्ब आहे आणि बसचा वेग ठरावीक मर्यादेखाली आला की स्फोट होणार. पुढे उड्डाणपुलाचा सुमारे ५० फुटांचा, म्हणजे १५ मीटरचा तुकडा बांधायचाच राहिलेला! बस तशीच भरधाव जाते आणि पलीकडे उतरते. माझी मुलगी तर खुर्चीवर उभी राहिली होती.

बसचा वेग ताशी ११० किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.५ मीटर. १५ मीटरची खिंड ओलांडायला तिला ०.४९ सेकंद लागेल. रस्ता सपाट असेल, तर या अर्ध्या सेकंदात गुरुत्वाकर्षण काय स्वस्थ बसेल? मुक्त पतनाच्या सूत्राने बस जवळजवळ १.२ मीटर खाली येईल. हे अंतर बसच्या चाकाच्या उंचीपेक्षा जास्त. तेव्हा बस पलीकडच्या रस्त्यावर उतरणार नाही, रस्त्याच्या कडेवर आदळेल.

पण भाच्याने एक चांगला प्रश्न विचारला. "मामा, रस्त्याला थोडा चढ असता तर?" बसला आपण एक बिंदू मानले, तर सूत्र सांगते की साधारण साडेचार अंशांचा चढ पुरेसा आहे. आणि गंमत पाहा, चित्रीकरणाच्या वेळी नेमके हेच केले होते! रस्ता अखंड होता. त्यावर उतार बांधून बस खरोखरच उडवली आणि रस्त्यातली खिंड नंतर संगणकाने चित्रात काढली. पडद्यावर जो नियम मोडलेला दिसतो, तो पडद्यामागे मात्र काटेकोर पाळावा लागला.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या भागातलेच एक उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट केला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब दिसला, की त्यावर आक्षेप येऊन तो भाग कापावा लागला. अर्थात कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ती करामत होती कॅमेऱ्याची आणि रचनेची. प्रेक्षकाचा डोळा फसला, निसर्ग फसला नाही. निसर्ग फसत नसतोच.

दुसरा चित्रपट तुम्हा सर्वांच्या ओळखीचा. २०१७ सालचा 'बाहुबली २'. त्यात ताडाची झाडे वाकवून त्यांच्या जोरावर सैनिकांना किल्ल्याच्या भिंतीपलीकडे फेकले जाते. सैनिक हवेत ढालींचा गोळा करतात आणि आत उतरून लढायला लागतात. करमणुकीच्या रकान्यात मुलीने दहापैकी दहा दिले. मीही नऊ दिले.

वाकवलेल्या झाडात ऊर्जा साठते, हे बरोबर आहे. आपले धनुष्य त्याच जातीचे. प्रश्न फेकण्याचा नाही, उतरण्याचा आहे. समजा सैनिक २० मीटर उंच गेले. खाली येताना त्यांचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होणार. जितकी स्थितिज ऊर्जा वर जाताना मिळाली, तितकीच गतिज ऊर्जा होऊन ती परत येते. यात उधारी चालत नाही. ढाल बाण अडवील, पण हा धक्का कोण अडवणार?

येथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. मी नववीत होतो. त्या वेळी पाहिलेल्या एका चित्रपटात नायक माडीवरून उडी मारतो, धूळ झटकतो आणि पळू लागतो. आमच्या वस्तीत एक पत्र्याची शेड होती, साधारण ३ मीटर उंच. एका संध्याकाळी मी आणि माझा मित्र तिच्यावर चढलो. मित्र बाजूच्या वाळूच्या ढिगावर उडी मारून हसत उभा राहिला. मला नायकासारखे ताठ उतरायचे होते. मी फरशीवर उडी मारली. उजवा घोटा मोडला. दीड महिना प्लॅस्टरमध्ये होतो, आणि आजही पावसाळ्यात तो घोटा मला न्यूटनची आठवण करून देतो.

दोघांची उंची एक, वेगही एकच, सेकंदाला सुमारे ७.७ मीटर. मग फरक कशात होता? थांबण्याच्या अंतरात. पडलेल्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा आणि त्यात एक मिळवा. आपल्या वजनाच्या तितक्या पट सरासरी बल शरीरावर येते. वाळूत रुतून आणि गुडघे वाकवून मित्र साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबला. त्याला वजनाच्या ७ पट बल सोसावे लागले. ताठ पायांनी फरशीवर मी जेमतेम ५ सेंटिमीटरमध्ये थांबलो असेन. मला ६१ पट! तेव्हा माझे वजन ४० किलो होते. म्हणजे घोट्यांवर क्षणभर २४ क्विंटलचा भार. घोटा मोडला यात नवल ते काय?

चित्रपटात उडी दिसते, थांबणे दिसत नाही. उडी मारणारा खरा माणूस नायक नसतो, तर स्टंट करणारा कसबी कलाकार असतो. तो रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीवर किंवा हवेच्या मोठ्या गादीवर पडतो. खोकी चिरडत जातात, थांबण्याचे अंतर वाढते आणि बल कमी होते. मग दृश्य कापले जाते व पुढच्या क्षणी नायक धूळ झटकताना दिसतो. ती खोकी आपल्याला कधीच दाखवत नाहीत. मी नववीत असताना कोणी ती दाखवली असती, तर बरे झाले असते!

म्हणूनच मोटारसायकल गतिरोधकावरून उडवणाऱ्या मुलांना पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. डांबरी रस्त्यावर खोकी पसरलेली नसतात. तेथे तुमच्याजवळ एकच खोके असते, ते म्हणजे हेल्मेट. त्याच्या आतला थर्मोकोलसारखा दोन-तीन सेंटिमीटरचा थर चिरडतो, म्हणून डोके थोड्या जास्त अंतरात थांबते. हे दोन-तीन सेंटिमीटर जीव वाचवतात. हँडलला अडकवलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते.

आता उरलेले दोन चित्रपट अंतराळातले. २०१३ सालच्या 'ग्रॅव्हिटी'मध्ये अवकाशात मोडतोड होते, पण स्फोटाचा आवाज येत नाही. पार्श्वसंगीत तेवढे असते. ध्वनीला माध्यम लागते आणि तेथे निर्वात आहे. अंतराळातल्या युद्धांत धडाडधूम आवाज ऐकवणाऱ्या अनेक चित्रपटांपेक्षा हे फार चांगले. पण याच चित्रपटात एक चूक आहे. दोन अंतराळवीर दोरांच्या आधाराने स्थानकाजवळ थांबतात. दोर ताणलेला आणि दोघेही स्थानकाच्या सापेक्ष स्थिर. तरीही एकजण पट्टा सोडताच दूर दूर जाऊ लागतो. त्याला ओढणारे बल कोणते? न्यूटनचा पहिला नियम सांगतो, स्थिर असलेला स्थिरच राहील. उलट पट्ट्याला हलकासा हिसका दिला असता, तर तो आपोआप जवळ आला असता. हे मी म्हणालो, तेव्हा मुलगी रागावली. त्या दृश्याला ती रडली होती.

चौथा चित्रपट २०१४ सालचा 'इंटरस्टेलर'. त्यात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास घालवला, तर पृथ्वीवर सात वर्षे लोटतात. ही थाप नव्हे काय? नव्हे! प्रबळ गुरुत्वाकर्षणात घड्याळ मंद चालते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून निघते. तासाला सात वर्षे, म्हणजे सुमारे ६१ हजारपट फरक. हा टोकाचा आहे, पण दिशा बरोबर आहे. तुमच्या मोबाईलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावीच लागते. या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा लहरी टिपणारी वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. आणि हेही लक्षात ठेवा, कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घेऊन पहिले पारितोषिक मिळवले, त्या कथेचे नाव होते 'कृष्णविवर'!

येथे दोन प्रकारांतला फरक स्पष्ट होतो. चांगली विज्ञानकथा एखादी कल्पना उघडपणे गृहीत धरते आणि पुढे तिच्याशी प्रामाणिक राहते. मारामारीचा चित्रपट मात्र नियम गुपचूप मोडतो आणि आपल्याला ते कळूही देत नाही.

वही मिटताना मुलगी म्हणाली, "बाबा, मग असे चित्रपट पाहायचेच नाहीत का?" मी म्हणालो, "पाहायचे, जरूर पाहायचे. टाळ्याही वाजवायच्या. फक्त घरी आल्यावर एक प्रश्न विचारायचा, तो माणूस थांबला कसा?"

तुम्हीही अशी वही करून पाहा. सुरुवातीला एक सोपा ठोकताळा देतो. नायक उडी मारून पुन्हा त्याच पातळीवर येईपर्यंत किती सेकंद हवेत होता, ते घड्याळात मोजा. त्या संख्येचा वर्ग करून १.२५ ने गुणा. उत्तर येईल ते त्याच्या उडीची मीटरमधली उंची. मंदगतीची दृश्ये मात्र वगळा. नायक ४ सेकंद हवेत असेल, तर तो २० मीटर उंच गेला असला पाहिजे, म्हणजे सहामजली इमारतीएवढा! मग शाळेच्या मैदानावर तुमची स्वतःची उडी मित्राला मोजायला सांगा. मऊ मातीवर, आणि गुडघे वाकवून बरे का!

शिक्षकांना विनंती एवढीच, की संवेगाचा पाठ शिकवताना एक तास या वहीसाठी द्यावा. मुले चित्रपट पाहणारच आहेत. ती खोकी त्यांना आपण दाखवू.