दोन कागदांवरच्या गोळ्या आणि दुखणाऱ्या मांड्या

चाळीचा तिसरा मजला चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. ‘वय झाले’ म्हणून आपण हे सोडून देता. गणपतीच्या दिवसांत तर रांगेत उभे राहिल्याचे निमित्तही मिळते. लालबागच्या माझ्या दवाखान्यात अशी तक्रार आली, की मी आधी गोळ्यांची पिशवी मागतो.

पिशवीतून बहुधा दोन कागद निघतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरने दिलेले असते; पुढे ठोके अनियमित झाल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी अमिओडॅरोन, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल सुरू केलेले असते. दोन्ही गोळ्या योग्यच; मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचलेले नसतात, यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे.

यकृतातील ज्या एन्झाइममुळे सिमव्हास्टॅटिनचा निचरा होतो, त्याचेच काम ही औषधे मंदावतात. गोळी तेवढीच राहते, पण रक्तातील तिचे प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ लागते. क्वचित स्नायू इतके झिजतात की त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडांवर घाला घालतात. म्हणूनच अमेरिकी औषध नियामकाने २०११ मध्ये मर्यादा घातली: अमिओडॅरोनबरोबर सिमव्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत, डिल्टियाझेम वा व्हेरापामिलबरोबर १०. अटोरव्हास्टॅटिनवर हा परिणाम कमी होतो, तर रोझुव्हास्टॅटिनच्या निचऱ्याचा मार्ग बराचसा निराळा आहे. तेव्हा स्टॅटिन सोडावे लागतेच असे नाही, बदलता येते.

परंतु कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. दुखणे नवे असेल तर डॉक्टर सीपीके ही रक्ततपासणी करतील. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अमिओडॅरोन बंद झाले असले तरी ते सांगा. ते शरीरात कित्येक आठवडे, कधी काही महिने रेंगाळते. खोकल्यासाठी दुकानातून परस्पर आणलेले क्लॅरिथ्रोमायसिन सिमव्हास्टॅटिनबरोबर मुळीच नको.

घरात औषधे देणाऱ्याने एकाच कागदावर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहावे. तो कागद प्रत्येक डॉक्टरला आणि केमिस्टला दाखवावा.

आणखी एक, गावाहून पपनस आणणाऱ्यांसाठी. ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच संकरित अपत्य. त्या एन्झाइमला अडवणारी द्रव्ये दोहोंत असतात. या गोळ्या चालू असताना पपनस टाळावे. प्रसादाला केळे आहेच.