रक्तद्रवातील प्रथिने : कार्ये, विलगीकरण व अन्वयार्थ

प्रस्तावना :
मानवी रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रवाने, म्हणजेच प्लाझ्माने व्यापलेला असतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणतः ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. रक्ततपासणीच्या अहवालात ही सर्व प्रथिने ‘एकूण प्रथिने’ या एकाच आकड्यात सामावली जातात. हा आकडा योग्य मर्यादेत असूनही व्यक्ती गंभीर आजारी असू शकते. असे का घडते, हे समजण्यासाठी या प्रथिनांची कार्ये व त्यांच्या विलगीकरणाच्या पद्धती यांचा विचार करणे आवश्यक ठरते.

प्रमुख प्रथिने व त्यांची कार्ये :
रक्तद्रवातील प्रथिनांचे अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन व फायब्रिनोजेन असे तीन मुख्य गट पडतात.

अल्ब्युमिनचे प्रमाण १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३.५ ते ५ ग्रॅम, म्हणजे एकूण प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असते. ५८५ अमिनो आम्लांची ही एकेरी साखळी यकृतात तयार होते. प्रथिनांमुळे रक्तद्रवास जो तर्षण दाब प्राप्त होतो, त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश वाटा अल्ब्युमिनचा असतो. या दाबामुळेच पाणी रक्तवाहिन्यांत टिकून राहते. अल्ब्युमिन बरेच घटले की पाणी ऊतींमध्ये झिरपून सूज येते. मेदाम्ले, बिलिरुबिन, कॅल्शियम व अनेक औषधे यांचे वहनही अल्ब्युमिन करते.

ग्लोब्युलिनचे आल्फा, बीटा व गॅमा असे उपगट आहेत. बीटा गटातील ट्रान्सफेरिन लोहाचे वहन करते. गॅमा गटात मुख्यतः प्रतिपिंडे असतात. त्यांची निर्मिती यकृतात न होता प्लाझ्मा पेशींत होते. फायब्रिनोजेनचे थ्रॉम्बिनच्या क्रियेने फायब्रिनमध्ये रूपांतर होऊन रक्ताची गुठळी बनते. रक्त गोठल्यानंतर उरणाऱ्या रक्तरसात, अर्थात सिरममध्ये, फायब्रिनोजेन नसते. रक्तद्रव व रक्तरस यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

विलगीकरणाच्या पद्धती :
(१) क्षार-अवक्षेपण : रक्तरसात अमोनियम सल्फेट मिसळून अर्धसंपृक्त द्रावण केल्यास ग्लोब्युलिनचा साका खाली बसतो, अल्ब्युमिनचा साका मात्र पूर्ण संपृक्तीस मिळतो. क्षाराचे आयन पाण्याचे रेणू आपल्याकडे ओढून घेत असल्याने प्रथिनांची विद्राव्यता घटते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज करता येण्याजोगी ही पद्धत आहे.

(२) शीत इथेनॉल पद्धत : हार्वर्ड विद्यापीठातील एडविन कोन यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत विकसित केली. इथेनॉलचे प्रमाण, सामू, तापमान, आयनिक तीव्रता व प्रथिनांची संहती या पाच घटकांत क्रमाने बदल करून प्रथिने टप्प्याटप्प्याने वेगळी केली जातात. प्रथम फायब्रिनोजेन, नंतर प्रतिपिंडे आणि शेवटी सुमारे ४० टक्के इथेनॉल व ४.८ सामू असताना पाचव्या अंशात अल्ब्युमिन मिळते. हा सामू अल्ब्युमिनच्या समविद्युत् बिंदूच्या निकटचा असल्याने तेथे त्याची विद्राव्यता किमान असते. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यात भाजलेल्यांना असे अल्ब्युमिन देण्यात आले होते. अल्ब्युमिन ६० अंश सेल्सिअसला १० तास तापवून विषाणूमुक्त करता येते. रक्त गोठविणाऱ्या आठव्या घटकाच्या सुरुवातीच्या संहत द्रावणांवर अशी प्रक्रिया होत नव्हती. परिणामी १९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या अनेक रुग्णांना एचआयव्हीची बाधा झाली.

(३) विद्युत् संचारण : स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युत् क्षेत्रातील गतीच्या आधारे रक्तरसातील प्रथिने वेगळी केली. त्यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ८.६ सामूच्या उभयरोधी द्रावणात बहुतेक प्रथिने ऋणभारित होऊन धनाग्राकडे सरकतात. अल्ब्युमिन सर्वांत पुढे, तर गॅमा ग्लोब्युलिन सर्वांत मागे राहते. आज यासाठी अॅगॅरोज जेल किंवा केशिका नलिका वापरतात.

अन्वयार्थ :
एकूण प्रथिने मोजण्याची बाययुरेट पद्धत पेप्टाइड बंध ओळखते; ते कोणत्या प्रथिनातील आहेत, हे ती सांगत नाही. समजा, एका व्यक्तीत अल्ब्युमिन ४.४ व ग्लोब्युलिन २.८ ग्रॅम आहे. दुसऱ्या व्यक्तीत ते अनुक्रमे २.४ व ४.८ ग्रॅम आहे. दोघांचीही बेरीज ७.२ ग्रॅमच येते. दुसरे चित्र यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये आढळू शकते : यकृताची अल्ब्युमिन-निर्मिती मंदावते आणि गॅमा ग्लोब्युलिन वाढते. एकूण आकडा मात्र निर्दोष दिसतो. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकाच प्रकारच्या प्लाझ्मा पेशी वाढून एकच प्रतिपिंड अतिरिक्त प्रमाणात तयार होते आणि जेलवर बहुधा अरुंद, ठळक पट्टा उमटतो.

येथे दक्षताही हवी. रक्तरसाऐवजी रक्तद्रव वापरल्यास बीटा व गॅमा यांच्या दरम्यान फायब्रिनोजेनचा पट्टा दिसतो व तो मायलोमाचा समजला जाण्याचा धोका असतो. तसेच अल्ब्युमिन घटले म्हणजे कुपोषणच, असा निष्कर्षही योग्य नव्हे. जंतुसंसर्ग व दाह यांतही ते घटते.

समारोप :
रक्तद्रवातील प्रथिनांचे मापन व विलगीकरण या परस्परपूरक क्रिया आहेत. बेरीज प्रमाण सांगते, तर विलगीकरण त्या प्रमाणाची घडण उलगडते. विद्यार्थ्यांना हे प्रयोग शिकविताना कृतीबरोबरच नमुन्याची निवड व निष्कर्षाच्या मर्यादा यांवरही भर देणे अगत्याचे आहे; कारण उद्या त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी वाचनावर एखाद्या रुग्णाचे निदान अवलंबून असणार आहे.